गुण येणाऱ्या क्रीमची भीती

अकोल्यातल्या एका ब्युटी पार्लरमधून आणलेले ते क्रीम खरोखरच गुणकारी होते. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या विशीतल्या एका मुलीने ते लावायला सुरुवात केली, चेहरा उजळला, ओळखीपाळखीच्या बायका 'काय लावतेस गं?' म्हणून विचारू लागल्या. घरात एकीला गुण आला की दुसरी मागे राहत नाही. आई आणि बहीणही तेच क्रीम वापरू लागल्या. 2022 च्या सुरुवातीला तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार असल्याचे निघाले. एका घरातल्या, निरनिराळ्या वयांच्या तिघींची मूत्रपिंडे एकाच सुमारास बिघडावीत, हे विचित्र होते. कारण शोधता शोधता प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेले. रक्त तपासले गेले, क्रीमही तपासले गेले. दोन्हींत पारा होता, आणि क्रीममध्ये तर कायद्याने चालणाऱ्या मर्यादेच्या हजारो पट.

पुढच्या वर्षी ही बातमी छापून आली तेव्हा बहुतेकांनी ती भेसळीची बातमी म्हणून वाचली आणि पान उलटले. भेसळीत माल बोलल्याप्रमाणे काम करत नाही. इथे क्रीमने दिलेला शब्द पाळला होता. ज्या पदार्थाने चेहरा उजळला, त्याच पदार्थाने मूत्रपिंडे बिघडवली. सौंदर्यप्रसाधनांतल्या घातक घटकांबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते (पॅराबेन, सल्फेट, 'केमिकल-फ्री' वगैरे) तिच्यात नेमकी ही बाजू सुटते. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेल्या लांबलचक नावांना लोक घाबरतात. ज्या डबीवर काहीच छापलेले नाही आणि जी आठ दिवसांत फरक दाखवते, तिच्यावर मात्र भरवसा ठेवतात. हे अगदी उलटे आहे.

पारा चेहरा उजळवतो तो कसा? त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते, आणि त्या विकराचे काम तांब्याच्या आधाराने चालते. पाऱ्याचे क्षार त्वचेत शिरले की हे विकर बंद पडते. नवा रंग बनत नाही, वरच्या जुन्या पेशी नेहमीप्रमाणे झडत राहतात आणि काही आठवड्यांत चेहरा फिकट दिसू लागतो. पण पाऱ्याला चेहऱ्यावर थांबायचे बंधन नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठत जातो. शिवाय तो हवेत उडतो, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला लागतो. त्यामुळे क्रीमला कधी हातही न लावलेल्या घरातल्या मुलांच्या शरीरातही तो सापडल्याची उदाहरणे आहेत. पारा आपल्याला परका नाही. रसशास्त्राने त्याच्या शोधनाचे किती सोपस्कार सांगितले आहेत! ते सोपस्कार पुरेसे आहेत की नाहीत हा वाद वेगळा, पण निदान या पदार्थाला बिचकून राहावे एवढी जाण त्यामागे होती. मागच्या खोलीत क्रीम घोटून डब्या भरणाऱ्याला तीही नसते.

केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल हे गाव आहे. आयुर्वेदासाठी ते देशभर प्रसिद्ध. मूत्रपिंडविकाराच्या जगात मात्र ते वेगळ्याच कारणाने चर्चेत आले. तिथल्या अ‍ॅस्टर मिम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे रुग्ण येत होते. या विकारात मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते, रक्तातली प्रथिने लघवीवाटे बाहेर पडतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात, थकवा येतो. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात असे 22 रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी 15 जणांमध्ये 'नेल-1' या प्रथिनाशी जोडलेला, एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला. हा प्रकार एकाच भागात इतक्या संख्येने का दिसावा? डॉक्टरांनी रुग्णांना खाण्यापिण्याबद्दल, औषधांबद्दल विचारले, आणि मग एरवी मूत्रपिंडाच्या बाह्यरुग्ण विभागात कुणी विचारत नाही असा प्रश्न विचारला: चेहऱ्याला काय लावता? 15 पैकी 13 जणांनी गोरे होण्याचे क्रीम वापरत असल्याचे सांगितले.

हे निष्कर्ष 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम बंद केल्यावर बहुतेक रुग्ण सुधारले. काळजीची गोष्ट अशी की बऱ्याच जणांना लक्षणे इतकी किरकोळ होती की त्यांनी मूत्रपिंडाचा संशयही घेतला नसता. एका रुग्णाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत मात्र गुठळी झाली. रक्तातली प्रथिने कमी झाली की रक्त गोठण्याचा धोका वाढतो, तो असा. लघवीला फेस येतो म्हणून फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्या बाईला 'पाणी जास्त प्या' एवढेच ऐकून परत यावे लागले असेल, तर अशी किती प्रकरणे कधी उघडकीसच आली नसतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

कायदा काय म्हणतो, ते आकड्यांत पाहिले तर प्रकरणाची जातकुळी कळते. भारताच्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार पाऱ्याची संयुगे घालून सौंदर्यप्रसाधने बनवायला बंदी आहे. कच्च्या मालातून नकळत आलेला पारा चालतो, तोही 1 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा 70 पीपीएम आहे. 2014 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 32 फेअरनेस क्रीम तपासली होती आणि 14 मध्ये पारा सापडल्याचे जाहीर केले होते. मोठा गदारोळ उडाला. पण तेव्हाचे आकडे होते 0.10 ते 1.97 पीपीएम. दुकानात मिळणाऱ्या, नाव-पत्ता असलेल्या मालात एवढासुद्धा पारा असू नये, हे संस्थेचे म्हणणे योग्यच होते. मात्र बेनामी डब्यांत सापडणारे आकडे पाच अंकी असतात. 10,000 पीपीएम म्हणजे शंभर ग्रॅमच्या डबीत एक ग्रॅम पारा. एवढा पारा चुकून पडत नाही, तो मोजून घातला जातो. दोन्ही बातम्यांचा मथळा सारखाच असतो, 'फेअरनेस क्रीममध्ये पारा', आणि वाचकाच्या डोक्यात दोन्हींचा एकच काला होतो.

बेनामी डब्यांतला बराच माल सीमेपलीकडून येतो. पाकिस्तानच्या हवामानबदल मंत्रालयाने तिथल्या बाजारातल्या 59 क्रीमची तपासणी केली, तेव्हा 56 मध्ये मर्यादेपेक्षा जास्त पारा निघाला. ही माहिती त्या सरकारने स्वतःच जाहीर केली. तीच क्रीम आखाती देशांच्या वाटेने, बॅगांतून आणि ऑनलाइन, जगभर जातात. पाऱ्यावर नियंत्रण आणण्यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार जपानमधल्या मिनामाता या शहराच्या नावाने ओळखला जातो. कारखान्याने उपसागरात सोडलेल्या पाऱ्याने तिथे जे घडले, ते 1956 पासून जगाला माहीत आहे. भारताने 2018 मध्ये या कराराला मान्यता दिली. 2023 मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरले की 1 पीपीएमची सवलतही काढून टाकावी आणि पारा घातलेली प्रसाधने 2025 पर्यंत पूर्ण थांबवावीत. कागदावर याहून कडक काही उरलेलेच नाही.

पारा निदान चोरून विकला जातो. स्टेरॉइडची ट्यूब मात्र गल्लीतल्या मेडिकलमध्ये, काउंटरवर, उजळ माथ्याने मिळते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही चांगली औषधे आहेत. सोरायसिस, इसब अशा आजारांत त्यांनी लाखो लोकांचे हाल कमी केले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड एकत्र करून वांगावर द्यायचे मिश्रण अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1975 मध्ये मांडले. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरते लावायचे असते. आपल्याकडे त्याचीच भावंडे वर्षानुवर्षे गोरेपणासाठी लावली जातात. मैत्रिणीने सांगितले, नवऱ्याने आणले, मेडिकलवाल्याने स्वतःहून पुढे केले. डॉक्टरने लिहून दिलेली ट्यूबसुद्धा दोन आठवड्यांची दोन वर्षे चालते, कारण चिठ्ठी परत कुणी पाहत नाही.

आणि इथेही गुण येतो! स्टेरॉइडने दोन दिवसांत पिंपल्सची लाली ओसरते, खाज थांबते, चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, उन्हात दोन मिनिटे उभे राहिले तरी आग होते, नवी पुटकुळी येते, मुलींच्या गालांवर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद करावी, तर चेहरा आणखी पेटतो. मग पुन्हा तीच ट्यूब. या अवस्थेचे निदान भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना इतक्या वेळा करावे लागले की त्यांनी तिला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असे नावच देऊन टाकले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2,926 रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. या 433 पैकी 126 जणांनी ते गोरेपणासाठी, रोजचे साधे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावायला घेतले होते. दाढीनंतर! पुरुष या कथेत नाहीत, असे समजणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

हे इतके सोपे कसे झाले? चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच. त्या यादीखालच्या एका टिपेने त्वचेवर लावायच्या औषधांना बाहेरची वाट मोकळी ठेवली होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर मार्च 2018 मध्ये केंद्राने 14 स्टेरॉइड क्रीमसाठी ही वाट बंद केली. त्यानंतरही एखाद्या तालुक्याच्या गावात मेडिकलमध्ये जाऊन क्रीमचे नाव सांगितले, तर चिठ्ठी मागितली जाण्याची शक्यता किती, हे वाचकांना ठाऊक आहेच. गजकर्णाचा उपद्रव गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर इतका का वाढला, याचे उत्तर शोधणाऱ्या डॉक्टरांचे बोटही याच ट्यूबांकडे जाते. बुरशीनाशकात स्टेरॉइड मिसळले की खाज लगेच थांबते, बुरशी मात्र निवांत पसरते.

मग लोक असे का करतात? 'अज्ञान' म्हणून मोकळे होणे सोयीचे आहे, पण खरे नाही. 1975 मध्ये हिंदुस्तान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. पुढची चार दशके जाहिरातीतली सावळी मुलगी क्रीम लावून गोरी होत राहिली आणि मग तिला नोकरी, नवरा आणि आत्मविश्वास, बहुधा याच क्रमाने, मिळत राहिला. 2005 मध्ये पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आले. 2020 मध्ये पहिल्या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. अशा परवानाधारक क्रीममध्ये नायसिनामाइड, सनस्क्रीन असे घटक असतात. त्यांचा परिणाम सौम्य आणि हळू असतो आणि जाहिरातीतल्या चार चेहऱ्यांच्या पट्टीइतका तर कधीच नसतो. म्हणजे मोठ्या कंपन्यांनी इच्छा जागवली, ती पुरी करण्याचा कायदेशीर मार्ग मात्र त्यांच्याकडेही नव्हता. तहानलेले गिऱ्हाईक तयार करून ठेवले, आणि पार्लरवालीने बिनलेबलची डबी पुढे सरकवली. वधू-वर सूचक जाहिरातींतली 'गोरी, उंच, सुस्वरूप' मुलगी आता 'गव्हाळ'पर्यंत सैल झाली आहे, एवढीच काय ती प्रगती.

शहरी, शिकलेल्या ग्राहकाची भीती भलतीकडे आहे. तो पॅराबेनला घाबरतो. पॅराबेन हे टिकाऊपणासाठी घालायचे रसायन सुमारे शंभर वर्षे वापरात आहे. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या 20 गाठींमध्ये पॅराबेनचे अंश सापडले आणि जगभर घबराट पसरली. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती आणि पॅराबेनने कर्करोग होतो, असे त्यातून सिद्धही झाले नव्हते. युरोपीय संघाने सावधगिरी म्हणून 2014 मध्ये पाच पॅराबेन बंद केले, दोन पॅराबेनची मर्यादा खाली आणली आणि बाकीचे चालू ठेवले. ही रीत शहाणपणाची होती. बाजाराने काय केले? 'पॅराबेन-फ्री' असा शिक्का मारला आणि त्याच्या जागी इतर रसायने घातली. त्यांतल्या मेथिलआयसोथायाझोलिनोनने इतक्या लोकांना अ‍ॅलर्जी झाली की 2013 मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटीने त्याला त्या वर्षीचा 'अ‍ॅलर्जेन' ठरवले आणि पुढे युरोपला ते त्वचेवर राहणाऱ्या क्रीममधून काढून टाकावे लागले. त्याच संस्थेने 2019 मध्ये पॅराबेनला त्या वर्षीचा 'नॉन-अ‍ॅलर्जेन' जाहीर केले, म्हणजे जवळजवळ माफीनामाच लिहून दिला. प्रदर्शनात 'शंभर टक्के नैसर्गिक, नो प्रिझर्व्हेटिव्ह' म्हणून मिळणाऱ्या कोरफडीच्या जेलमध्ये पाणी असते, आणि पाणी असेल तिथे जिवाणू आणि बुरशी वाढणारच. त्या बाटलीला कुणी घाबरत नाही.

परंपरेच्या नावाखाली येणाऱ्या वस्तूंना तर प्रश्नच विचारायचा नाही, असा अलिखित नियम आहे. टिकलीचे उदाहरण घ्यावे. टिकलीच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचे रसायन असेल, तर ते काही जणींच्या त्वचेतल्या रंगपेशी मारते आणि कपाळावर, बरोबर टिकलीच्या मापाचा, पांढरा डाग उमटतो. भारतीय त्वचारोग वाङ्मयात याची नोंद अनेक वर्षे आहे. कोड म्हटले की लग्नाच्या बाजारात काय होते ते सांगायला नको. आणि इथे ते सौभाग्यलेण्यानेच दिलेले. हळदीला चुना लावून बनवलेले कुंकू जाऊन रंगीत रसायनांचे कुंकू आले, त्याने कपाळ काळवंडते. काळ्या मेंदीचे कोन लग्नसराईत आणि ईदेच्या आधी फुटपाथवर मिळतात. मेंदीचे पान कधी काळा रंग देत नाही. त्याचा रंग केशरी-तपकिरी असतो आणि चढायला काही तास लागतात. अर्ध्या तासात काळीकुट्ट उमटणारी मेंदी म्हणजे पीपीडी, केस काळे करायच्या डायमधले रसायन. डायच्या पाकिटावर 'आधी थोड्या त्वचेवर लावून पाहा, भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो' अशी सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणे नियमाने बंधनकारक आहे. मेंदीच्या कोनावर सूचना कुठे छापणार? तो नियमाच्या नजरेतच नाही. हातावर फोड आलेल्या मुलीला पुढे आयुष्यभर हेअर डायचीही अ‍ॅलर्जी राहू शकते.

सिंदुराची गोष्ट जास्त गंभीर, कारण त्यात शिसे असते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 118 नमुने तपासले: 95 न्यू जर्सीतल्या दक्षिण आशियाई दुकानांतले आणि 23 मुंबई-दिल्लीच्या दुकानांतले. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेची मर्यादा ग्रॅममागे 20 मायक्रोग्रॅम शिशाची. न्यू जर्सीतले 19 टक्के आणि भारतातले 43 टक्के नमुने ती ओलांडत होते. तीन नमुन्यांत शिसे 10,000 मायक्रोग्रॅमच्याही वर होते. लहान मुलांच्या शरीरात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या भांगातले सिंदूर मुलाच्या हाताला आणि हातावरून तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता प्रशासनाकडे. महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन निष्क्रिय आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जॉन्सन अँड जॉन्सनसारख्या बलाढ्य कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्यावर याच खात्याने दोनदा हात टाकला. 2007 मध्ये बेबी पावडरच्या 15 बॅचचे निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइड वापरून केले होते; हा वायू कर्करोगकारक आहे. त्या कारणाने 2013 मध्ये कारखान्याचा सौंदर्यप्रसाधनांचा परवाना रद्द केला गेला. दुसरे प्रकरण 2018 च्या अखेरीस पुणे आणि नाशिकमधून घेतलेल्या नमुन्यांचे. पीएच प्रमाणाबाहेर निघाला म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा परवाना रद्द झाला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. ताजे नमुने तपासले, ते प्रमाणात निघाले. 11 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने आदेश रद्द केले, मुंगी मारायला हातोडा उचलू नये अशा आशयाचे शब्द सुनावले आणि कारवाईला लागलेल्या विलंबावरही बोट ठेवले.

दोन्ही वेळा घटना आणि आदेश यांत वर्षे गेली. पत्ता, परवाना, वकील, बॅच नंबर, सगळे असलेल्या कंपनीची ही कथा. ज्या डबीवर बॅच नंबरच नाही, तिच्या बाबतीत हे खाते सुरुवात कुठून करणार? आपला कायदा परवानाधारकापासून सुरू होतो. तपासनीस कारखान्यात जातो, घाऊक विक्रेत्याकडे जातो. पार्लरच्या फडताळात, आठवडी बाजारातल्या पथारीवर, इन्स्टाग्रामवरच्या 'होममेड व्हाइटनिंग क्रीम'च्या पानावर जात नाही. विष मात्र तिथेच आहे.

केरळने निदान दिशा बदलली. तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 2023 मध्ये 'ऑपरेशन सौंदर्य' नावाची मोहीम काढली, दुकानांवर छापे घातले, बेकायदा प्रसाधने जप्त केली आणि पुढेही टप्प्याटप्प्याने ती चालू ठेवली. महाराष्ट्रात असे काही करायला नवा कायदा लागत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीवर चालणारे हातात मावणारे यंत्र डबीवर धरले की पारा किंवा शिसे आहे की नाही ते काही मिनिटांत सांगते; नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तो फक्त संशय आल्यावर. अशी यंत्रे प्रत्येक विभागीय कार्यालयाला द्यावीत, पार्लरना तपासणीच्या यादीत घ्यावे आणि ज्या नावाच्या डबीत पारा सापडला ते नाव, फोटोसह, त्याच आठवड्यात मराठीत जाहीर करावे. आज हे अहवाल फायलीत राहतात आणि गिऱ्हाईक यूट्यूबवर विसंबते. मेडिकलवाल्यांची तपासणीही साध्या वेशात, गिऱ्हाईक बनून, चिठ्ठीशिवाय ट्यूब मागून करता येते. दोन-चार परवाने निलंबित झाले तर बाकीच्यांना शेड्यूल एच आपोआप आठवेल.

आणि डॉक्टरांनी विचारावे. कोट्टक्कलमध्ये साथ सापडली ती महागड्या उपकरणाने नव्हे, एका प्रश्नाने. मूत्रपिंडाच्या, उच्च रक्तदाबाच्या, न बऱ्या होणाऱ्या पिंपल्सच्या रुग्णाला हा प्रश्न विचारायला काहीच लागत नाही. रुग्ण बहुधा आधी नाहीच म्हणेल, कारण गोरे होण्यासाठी काही लावतो हे सांगण्याची लाज वाटते. नवरा, सासू बाहेर गेल्यावर पुन्हा विचारावे.

ज्यांच्या घरात असे क्रीम आधीच आले आहे, त्यांच्यासाठी थोडे. स्टेरॉइडची ट्यूब कित्येक महिने लावली असेल तर ती एकदम सोडू नये. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू सोडवतात. बिनलेबलचे किंवा अवघ्या काही दिवसांत रंग बदलणारे क्रीम असेल तर ते त्याच दिवशी बंद करावे आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्यावीत. ही तपासणी कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत अगदी कमी पैशात होते. फेस, सूज किंवा प्रथिने आढळली तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जाऊन रक्तातला पारा मोजून घ्यावा. तोच टॉवेल, तीच उशी वापरणाऱ्या घरातल्या मुलांचीही तपासणी करावी. डबी मात्र कचऱ्यात टाकू नये आणि बेसिनमध्ये धुऊही नये, कारण पारा पाण्यात आणि मातीत गेला की तिथून निघत नाही. घट्ट झाकण लावून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्यावी. मग तीच डबी, ती कुठून आणि कितीला घेतली हे लिहून, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसह द्यावी आणि पोच घ्यावी. डबी हाती असल्याशिवाय त्या खात्यालाही फारसे काही करता येत नाही.